लाल लुगडं आणि उन्हात शिजलेली हवा

सगळ्यांत आधी तुम्ही काय विसरलात ते सांगते. मान्यवरांची नावं मागाहून घेते, कारण नावं संपेपर्यंत तुम्ही हेही विसराल. आज हॉलमध्ये येताना तुमच्यापैकी एकानंही मान वर करून आपल्या गच्चीकडे पाहिलेलं नाही. पाहिलं असतंत तर कठड्यावर माझं लाल लुगडं दिसलं असतं. ते धुतलेलं नाही आणि वाळतही घातलेलं नाही. ते तिथं कशासाठी लागतं हे सोसायटीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. आणि ज्या बाईनं आपल्याला त्या लुगड्याचा अर्थ शिकवला, तिच्याच निरोपाचा कार्यक्रम तुम्ही एप्रिल महिन्यात, आभाळ कोरं असताना, झाडाचं पान हलत नसताना, दुपारी तीन वाजता ठेवलात. धन्य आहे तुमची.

म्हणून मी आलेले नाही. मी घरी पंख्याखाली आहे. लुगडं मीच लावायचं आणि मीच उन्हातून ठुमकत हॉलपर्यंत यायचं, हे बरं दिसत नाही. मला अक्षर येत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. मी बोलले ते माझ्या मोठ्या नातीनं, निकितानं, लिहून घेतलं आणि आता ती वाचते आहे. मी 'हाय' म्हटलं तिथं तिनं 'आहे' केलंय. बाकी सगळं माझं. कुणाला काही लागलं तर तिच्यावर रागावू नका, संध्याकाळी माझ्याकडे या.

आता रीतीनं सुरुवात करते.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, प्रेसमधून निवृत्त झाल्यावर सगळ्या सोसायटीच्या पाण्याची चिंता एकट्याच्या डोक्यावर घेतलेले आदरणीय ढुंढिराजराव. व्यासपीठावर विराजमान झालेले, आमच्या पोरींना घाम गाळायला लावणारे क्रीडाशिक्षक समाधान सर. खास सायखेड्याकडून द्राक्षांची पेटी घेऊन आलेले बागायतदार रावजी पाटील, ती पेटी कुठं आहे ते कुणीतरी बघा. महिला मंडळाच्या सगळ्या भगिनी. आणि समोर बसलेले, काही जागे, काही डुलक्या घेणारे, असे सगळे सोसायटीकर. आणि जिच्यासाठी आपण जमलो, ती आजची सत्कारमूर्ती, हवेच्या अभ्यासातली शास्त्रज्ञ, माझी भाडेकरू आणि दीड वर्षापासूनची माझी भांडणाची सोबतीण, यशश्री. सगळ्यांना माझा नमस्कार.

मंडळी, भांडणापासूनच सुरुवात करू का? दीड वर्षापूर्वी ही पोरगी आपल्या गच्चीवरच्या खोलीत राहायला आली. सोबत नेसायचं सामान एक पिशवीभर आणि एक पांढरं कपाट. त्या कपाटातून एक नळी वर निघालेली, टोकाला उपडी वाटी. आणि ते कपाट तिनं नेमकं कुठं ठेवावं? दक्षिणेच्या कठड्याजवळ, जिथं मी वर्षानुवर्षं कुरडया घालते. मी म्हटलं, बाई, हे उचल. ती म्हणाली, आजी, इथंच मोकळी हवा मिळते. मी म्हटलं, मलापण तीच लागते. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे साखर मागायला आली, आणि ज्या बाईनं साखर नेली तिच्याशी अबोला धरता येत नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

त्या कपाटाबद्दल तेव्हा तुम्ही काय काय बोललात तेही आठवा. कुणी म्हटलं, वीजचोरी पकडायचं यंत्र आहे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरातला कूलर आठ दिवस बंद राहिला. नाव घेत नाही, त्या वहिनी पंख्याच्या बरोबर खाली बसल्या असतील. आपले अध्यक्ष महाराज वर जाऊन विचारून आले की टँकर कधी येईल ते यात दिसतं का. यशश्रीनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, हे यंत्र हवा ओढून घेतं आणि तिच्यात काय मिसळलंय ते सांगतं. यावर ढुंढिराजराव म्हणाले, त्यात काय सांगायचं, नाशिकची हवा आहे, चांगलीच असणार.

इथपर्यंत हसण्यावारी होतं. पुढचं नव्हतं.

माझी धाकटी नात वेदिका तुम्हाला माहीत आहे. पहिल्या रांगेत बसून सारखे पाय हलवत असेल, तीच. ही पोरगी चालायला शिकायच्या आधी पळायला लागली. दुकानातून कोथिंबीर आणायला पाठवली तर पळत जाते, पळत येते, आणि अर्धी कोथिंबीर रस्त्यात. समाधान सरांनी तिला लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी निवडलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट. मार्चअखेर जिल्ह्याची निवड, त्यात पहिल्या सहांत यायचं आणि राज्याच्या शर्यतीला जायचं. सुरगाण्याच्या डोंगरातल्या पोरी तिथं पळायला येतात. त्या अनवाणी चढ चढतात आणि वर पोचून गप्पा मारतात, इतका त्यांचा दम. वेदिकाला त्यांच्या बरोबरीनं पळायचं होतं. रात्री झोपेतसुद्धा पाय चालायचे तिचे.

आणि याच पोरीला पळताना श्वास पुरेना.

थंडीत सुरुवात झाली. पहाटे हायवेच्या कडेला पळायची, तेव्हा सगळीकडे धूर खाली बसलेला असायचा, दिवे पिवळे दिसायचे, ती खोकत घरी यायची. माझा मुलगा दीपक, तिचा बाप, म्हणाला, पहाटेचं बंद. डोळ्यांना दिसतोय धूर, मग त्यात पोरीला कशाला ढकलायचं? दीपकचा टेम्पो आहे. हंगामात तो रोज दुपारी द्राक्षांच्या पेट्या आणायला आमच्या मळ्याकडे जातो, सायखेड्याच्या अलीकडे. पोरीची शाळा दुपारी सुटते. म्हणाला, मी जाताना हिला नेतो, मळ्यातल्या शिवाररस्त्यावर पळू दे. तिथं ना गाड्या, ना धूर. आभाळ निळंशार. सगळ्या घरानं, शेजारानं, वरच्या मजल्यानं, सगळ्यांनी मान डोलावली. तुम्हीही डोलावली असती. निळं आभाळ आणि हिरवी बाग बघून हवा वाईट आहे असं कोण म्हणेल?

थंडी ओसरली, ऊन चढलं, आणि पोरगी आणखी बिघडली. मळ्यातून आली की छातीवर हात. खोल श्वास घ्यायला सांगितलं तर म्हणायची, आत टोचतंय. डोळ्यांना पाणी, घसा खरखरीत. डॉक्टरांनी तपासलं, छातीत ओढायचा पंप दिला, विश्रांती सांगितली. विश्रांतीनं बरं वाटायचं. पळाली की परत तेच. समाधान सर, तुम्ही व्यासपीठावर आहात, तेव्हा तुमच्या तोंडावर सांगते म्हणजे मागे बोलल्यासारखं नको. तुम्ही आमच्या घरी येऊन चहा घेतलात आणि म्हणालात, "आजी, पोरगी मनानं कच खाते. मला दुसरीचं नाव द्यावं लागंल."

वेदिका दाराआड होती. ती रडली नाही. तिनं बूट काढले आणि घरातल्या कपड्यांच्या कपाटाखाली सरकवून दिले, अगदी आत, हात पोचणार नाही एवढे.

आता यंत्राकडे या. यशश्रीनं दुसरं एक यंत्र रावजी पाटलांच्या बागेत बसवलं होतं. रावजींचा मळा आमच्या मळ्याला लागून. तिचं म्हणणं, गावातली आणि शेतातली हवा शेजारी ठेवून बघायची. आणि झालं असं, की दुपार झाली की हायवेजवळच्या आपल्या गच्चीवरच्या यंत्रापेक्षा द्राक्षबागेतलं यंत्र जास्त वाईट आकडा दाखवायला लागलं. सगळे म्हणाले, बिघडलं. तिच्या कचेरीतूनही माणूस आला, तो म्हणाला, बिघडलं. त्यानं दोन्ही यंत्रांची अदलाबदल केली. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. तरी दुपारी बागच वरचढ. तो माणूस गोंधळून परत गेला. दीपक तर म्हणाला की रावजींच्या बागेतल्या फवारणीनं यंत्राचं डोकं फिरलंय.

यशश्री मात्र नाचत खाली आली. खरंच नाचत. मी पहिल्या कैऱ्यांचा साखरांबा उन्हात ठेवत होते. बरणीत कैरीचा कीस, साखर, तोंडाला फडकं. ती माझ्याजवळ बसली आणि विचारलं, "आजी, हा चुलीवर न ठेवता कसा शिजतो हो?"

मी म्हटलं, ऊन शिजवतं. पण ऊन कडक पाहिजे, ढग आले की साखर तशीच राहते.

ती म्हणाली, "हवासुद्धा अशीच शिजते."

मंडळी, मी तिला वेड्यात काढलं. पण तिनं सांगितलं ते मी तुम्हाला सांगते, आणि चुकलं तर ती समोर आहे, लगेच हात वर करेल, राहवत नाही तिला. गाड्यांच्या नळीतून धूर निघतो. पेट्रोलची, रंगाची, थिनरची वाफ निघते. हे झालं कैरी आणि साखर. नुसतं एकत्र ठेवलं तर फार काही होत नाही. पण त्यावर कडक ऊन पडलं, हवा तापली आणि वारा पडला, की ते सगळं त्या उन्हात शिजतं आणि त्यातून एक नवाच वायू तयार होतो. ओझोन. तो दिसत नाही. आभाळ निळंच राहतं, फार तर कडेला थोडं भुरकट. सकाळी गाड्या धूर सोडतात, तो शिजायला वेळ लागतो, म्हणून हा पदार्थ तयार होतो दुपारी.

मी विचारलं, ओझोन म्हणजे तो वरचा, उन्हापासून वाचवणारा? टीव्हीवर ऐकलंय. ती म्हणाली, तोच. फार वर असला की आपल्याला वाचवतो, खाली आला की छातीला जाळतो. मी म्हटलं, कळलं. जावयासारखं आहे. त्याच्या घरी असला की गुणाचा. माझे जावई हॉलमध्ये असतील तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

मग मी म्हटलं, पण मळ्यात गाड्या नाहीत, तिथं कुठून आला? इथं तिचे डोळे असे चमकले की मला वाटलं आता ही बरणी उलथवते. ती म्हणाली, वारा अगदी पडलेला नसतो आजी, दुपारी मावळतीकडून हळूच सरकतो. शहराची हवा उन्हात शिजत शिजत उगवतीकडे तुमच्या मळ्यांवर जाते. आणि हायवेवर गाडीतून ताजा निघालेला धूर तिथल्या तिथे ओझोन खाऊन टाकतो. शेतात खायला कुणी नाही. म्हणून रस्त्यावर कमी, बागेत जास्त.

मी म्हटलं, मग पोरीला हायवेवर आणून बसवू? तर म्हणते, नाही नाही, तिथं दुसरं विष आहे. या बाईला सरळ उत्तर देता येत नाही, हे तुम्ही दीड वर्षात पाहिलंच. थंडीत विचारलं तर म्हणते, पहाटे बाहेर नको, कारण थंड हवा खाली बसते आणि वर गरम हवेचं झाकण पडतं, धूर कोंडतो. उन्हाळ्यात विचारलं तर म्हणते, पहाटेच जा. अगं मग नेमकं कधी जायचं? म्हणते, आजी, आभाळ बघा, वारा बघा, मग ठरवा. आपल्याला पंचांगात बघून कळतं तसं हिच्याकडे काही नाही. रोजचं रोज.

पण तेवढ्यात मला रावजी पाटील आठवले. त्यांच्या बागेत खालच्या जुन्या पानांवर वरच्या अंगाला बारीक तपकिरी ठिपके पडले होते. रावजींनी रोग समजून फवारणी केली, ठिपके गेले नाहीत म्हणून आणखी केली. आम्ही बागेत गेलो, यशश्रीनं पान उन्हाकडे धरून बघितलं आणि म्हणाली, हा रोग नसावा, ही हवा असावी. दुपारी पानंसुद्धा तीच हवा ओढतात. रावजी म्हणाले, आता हवेवर कसली फवारणी करू?

मी मात्र पानाकडे बघत नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे कपाटाखालचे बूट होते. पानाला सुटका नाही, पण पोरीला पाय आहेत.

यशश्री मला लगेच म्हणाली, आजी, हवा हेच एक कारण आहे असं मी म्हणत नाही, डॉक्टरांचा पंप सोडायचा नाही, पण आपण बघू तर. तिनं वेदिकाला कपाटाखालून बूट काढायला लावले. लांब काठीनं काढले, मी काढले. आणि मग सुरू झालं ते मला आयुष्यात विसरता यायचं नाही. या पोरीनं पळायच्या आधी आभाळ बघायचं. मळ्यात मी बाजेवर बसायचे, यशश्री हातातल्या छोट्या यंत्राशी, आणि वेदिका अगदी बेताबेतानं, छातीत जरा टोचलं की थांबायचं या बोलीवर. कडक ऊन, पान हलत नाही अशा दुपारी पोरगी विहिरीपर्यंत जाऊन परत यायची, छातीवर हात. दुसऱ्या दिवशी अवकाळी ढग आले, दिवसभर सावट. तीच दुपार, तोच रस्ता, आणि पोरगी विहीर ओलांडून वडापर्यंत गेली, आली, आणि म्हणाली, अजून एक जाऊ? पुढे एक दिवस जोराचा वारा सुटला, बागेवरची जाळी फडफडत होती, ऊन होतंच, पण वाऱ्यानं सगळं उधळून लावलं होतं. त्या दिवशी परत आली आणि बाजेशेजारी बसून तिनं बाजरीची भाकरी मागितली. महिनाभर ती मळ्यातून आली की खायची नाही. मी भाकरी दिली, ती संपली, दुसरी दिली. यशश्री यंत्र बघत होती, मी भाकरी बघत होते. दोघींचं उत्तर एकच आलं.

पोरगी कच खात नव्हती. हवा कच्ची नव्हती, शिजलेली होती.

आता राहिली शर्यत. आणि शर्यत कधी होती माहीत आहे? दुपारी तीनला. मार्चअखेर, सगळ्यांत वाईट वेळेला, शहराच्या उगवतीला, उघड्या मैदानावर. यशश्री समाधान सरांकडे गेली. सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, वेदिकाचं नाव कायम ठेवलं, ते मी मान्य करते, आणि ते म्हणाले, "मॅडम, मला त्या दिवसाचं ऊन बदलता येत नाही."

ती म्हणाली, "ऊन नाही सर. वेळ."

सर म्हणाले, वेळ तर मुळीच बदलता येणार नाही. पाहुणे तीनला येणार आहेत. झेंडा तेच दाखवणार. एवढ्या मोठ्या माणसाला पहाटे कसं उठवायचं? समितीत सगळे हेच म्हणाले. पाहुण्यांची सोय. आपल्याकडे शर्यत पोरींची असते, पण वेळ पाहुण्यांची असते.

यशश्रीनं विचारलं, पाहुण्यांनी तीन सांगितलेत का? सर म्हणाले, समितीनं ठरवलं. समितीला विचारलं, तर ते म्हणाले, मागच्या वर्षी तीनच होते. मागच्या वर्षीच्या लोकांना विचारलं, ते म्हणाले, मोठ्या माणसांना दुपारीच सवड असते, असं आम्हाला वाटलं. तेव्हा मी म्हटलं, रिक्षा बोलाव. आम्ही दोघी सरळ पाहुण्यांच्या घरी गेलो. मी जरा जास्त वाकून चालले, तेवढं चालतं. बंगल्यावर पोचलो तर पाहुणे बागेत पाणी घालत होते. यशश्री आदबीनं सांगायला लागली, ऊन, वारा, गाड्यांचा धूर. त्यांनी हातातला पाइप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "आजी, मी चार वाजता उठतो. दुपारी मी झोपतो. तीनचं निमंत्रण आलं तेव्हा वाटलं, त्यांची काही अडचण असंल, आपण कशाला बोला."

मंडळी, ऐकताय ना? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पाहुणे आयोजकांचा मान राखत होते, आयोजक पाहुण्यांचा मान राखत होते, आणि या मानापानाच्या मध्ये पोरी उन्हात पळणार होत्या. अध्यक्ष महाराज, आजचा कार्यक्रम तीनला का ठेवलाय, हे मी तुम्हाला विचारत नाही. तुम्ही म्हणाल, यशश्री मॅडमची सोय. तुम्ही तिला विचारलंत? ती बिचारी तुमचा मान राखून गप्प बसली. बघा तिच्याकडे, हसते आहे.

शर्यत सकाळी साडेसहाला झाली. आदल्या संध्याकाळी चांगला वारा सुटला होता. यशश्री म्हणाली, जुनी हवा झाडून गेली, नवी शिजायला अजून वेळ आहे. मला सरांनी प्लास्टिकची खुर्ची दिली, मी तिच्यावर बसलेच नाही. सुरगाण्याच्या पोरी आलेल्या, सडपातळ, काळ्याभोर, केसांना तेल चापून. पाहुण्यांनी झेंडा दाखवला, ताजेतवाने होते ते, आणि पोरी सुटल्या. पहिला वळसा झाला, वेदिका मधल्या घोळक्यात. दुसरा वळसा, दिसेना. मी दीपकला विचारते, दिसते का, तो म्हणतो, धूळ आहे. माझं लक्ष तिच्या पायांकडे नव्हतंच. मी तिच्या हाताकडे बघत होते. छातीवर गेला की संपलं. शेवटच्या वळणावर सुरगाण्याच्या चौघी पुढे आल्या, त्या पळत नव्हत्या, वाहत होत्या. त्यांच्या मागे एक निळी बनियन. हात दोन्हीकडे मोकळे. निकिताला हे सांगताना मी उठून उभी राहिलेय, ती लिहायची थांबलीय.

पाचवी आली. सहांत आली.

मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा ती गुडघ्यावर हात ठेवून वाकलेली. मला बघून सरळ झाली आणि म्हणाली, "आजी, श्वास पुरला."

पाचवी आले असं नाही. निवडले गेले असं नाही. श्वास पुरला. समाधान सर तिथंच उभे होते, त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि यशश्रीला म्हणाले, पुढच्या वर्षीपासून वेळापत्रक तुम्हाला दाखवून लावतो. सर, हे एवढ्या लोकांसमोर वाचलं जातंय, तेव्हा आता तुम्हाला विसरता येणार नाही.

लुगड्याचं त्यानंतर सुरू झालं. यशश्री सकाळी यंत्र बघते, आभाळ बघते, वारा बघते, आणि दुपार वाईट असेल तर मला खाली हाक मारते. मला आकडे वाचता येत नाहीत आणि तुम्हाला नोटीस बोर्ड वाचायची सवय नाही, म्हणून मी लाल लुगडं लावते. लाल दिसलं की दुपारी पोरांनी मैदानावर जायचं नाही, दम्याच्या माणसांनी घरात राहायचं, सूर्य कलला आणि वारा फिरला की मग या बाहेर. गंमत बघा, ज्या दिवशी माझ्या कुरडया कडक वाळतात, नेमका तोच दिवस पोरींच्या छातीला वाईट. उन्हाचं असं आहे. मी कुरडया घालते आणि लुगडंही लावते, एकाच कठड्यावर. ते कपाटही आता तिथंच आहे, त्याच्या सावलीत मी बरणी ठेवते.

यशश्री, आता तुझ्याशी. तुझी बदली मालेगावला झाली. या लोकांनी हार आणलेत, शाल आणलीय, डोळे पुसायची तयारी केलीय, जसं काही तू सातासमुद्रापार चाललीस. मालेगाव म्हणजे दोन-तीन तासांची एसटी. तिथंही मुंबई-आग्रा रस्ता आहे, गाड्या आहेत, ऊन तर आपल्यापेक्षा कडक. तिथंही लोक तुझं यंत्र बघून म्हणतील, वीजचोरी पकडायला आलंय. म्हणू दे. यंत्रमागावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसांची पोरं दुपारी कुठं खेळतात ते आधी बघ. आणि तिथं तुला गच्ची देणारी म्हातारी भेटली तर तिच्या कुरडयांच्या जागेवर कपाट ठेवू नकोस, सगळ्याच काही माझ्यासारख्या गरीब नसतात.

तू गेलीस की मला सकाळी कोण हाक मारणार, याची काळजी मला होती. आज सकाळी वेदिका शाळेत जायच्या आधी गच्चीवर गेली, वर बघितलं, तोंडात बोट घालून ओलं केलं आणि हवेत धरलं, तुझ्या यंत्राचा आकडा फोनवर पाहिला, आणि खाली येऊन म्हणाली, "आजी, लाल." मी लुगडं काढून दिलं. तेच आज वर आहे. तेव्हा तू जा निश्चिंत. पुढच्या महिन्यात तिची राज्याची शर्यत आहे, तिला त्या दिवशीचं आभाळ बघून फोन कर म्हणजे झालं.

माझं बोलणं लांबलं. ज्यांना चिमटे बसले त्यांनी ते माझ्या वयाच्या नावावर मांडावेत. ज्यांचं नाव राहिलं त्यांनी असं समजावं की त्यांच्यात चिमटा काढण्यासारखं काही सापडलं नाही. अध्यक्षांनी वेळ दिला, निकितानं हात दुखेपर्यंत लिहिलं, यशश्रीनं माझ्या घरातल्या पोरीला तिचा श्वास परत मिळवून दिला, या सगळ्यांचे आभार मानते. उणंअधिक काही बोलले असेन तर पोटात घाला.

आणि जेवणाचं. माझं ताट घरी पाठवायचं आहे, पण लगेच नाही. सूर्य कलू द्या, वारा फिरू द्या, आणि मग वेदिकाच्या हातात द्या. पुरणपोळ्या दोन, वर तूप, बटाट्याची कोरडी भाजी, आणि रावजींच्या पेटीतला एक घड. आमटी आणि मठ्ठा पाठवू नका. पोरगी पळत येणार आहे, पातळ काही माझ्यापर्यंत पोचायचं नाही.